ड्रॅग रेसिंगसाठी डीलरांनी घडवलेल्या मसल कार: इतिहास कसा शोधायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत राहणारे मराठी वाचक तिथल्या कार शोमध्ये येन्को किंवा निकी या डीलरांनी बदललेली एखादी शेवरले कॅमारो बघतात आणि विचारतात, ‘ही खरी कशावरून?’ इथले हौशी लोक लिलावांची वर्णनं वाचून तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पाठवतात. सतत येणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे किचकट होत जातात.

१. डीलरने बदललेली मसल कार म्हणजे नेमकं काय? गाडी तर कंपनीच बनवते ना?

मसल कार म्हणजे ताकदवान, मोठ्या इंजिनाची अमेरिकी गाडी. गाडी कंपनीचीच. पण १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या काही डीलरांनी आपल्या वर्कशॉपमध्ये तिचं रूप पालटलं. मोठं इंजिन बसवलं, गिअरचं गुणोत्तर बदललं, मागचं सस्पेन्शन पाव मैलाच्या सरळ धावेसाठी घट्ट केलं आणि ती गाडी आपल्या नावाने विकली. पाव मैल म्हणजे १,३२० फूट, साधारण ४०२ मीटर. ड्रॅग रेसिंगमध्ये दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवे हिरवे होतात आणि दहा-बारा सेकंदांत निकाल लागतो.

रविवारी शर्यतीत जिंकलेली गाडी सोमवारी शोरूममध्ये गिऱ्हाईक आणते, हे डीलरांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे यातले कित्येक डीलर स्वतःच्या गाड्याही शर्यतीत उतरवत.

२. मग मोठं इंजिन कंपनीने स्वतःच का नाही दिलं?

जनरल मोटर्सने १९६३ च्या सुरुवातीला आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींपासून लांब राहायला सांगितलं. पुढे मध्यम आणि लहान आकाराच्या गाड्यांत ४०० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा अंतर्गत नियमही होता. १९७० च्या मॉडेलपासून तो सैल झाला. म्हणजे जनरल मोटर्सच्याच शेवरले विभागाकडे ४२७ घनइंचांचं, सुमारे सात लिटरचं इंजिन तयार होतं, कॅमारोच्या बॉनेटखाली ते मावतही होतं, पण नेहमीच्या ऑर्डर फॉर्मवर ते मागता येत नव्हतं. ती फट डीलरांनी भरून काढली. फोर्ड आणि क्रायस्लर यांच्यावर अशी बंदी नव्हती. त्यांचे डीलर वेगळ्या वाटेने आले. त्यांच्याबद्दल प्रश्न ४ मध्ये लिहिलं आहे.

३. ‘कोपो’ हा शब्द सगळीकडे दिसतो. कोपो गाडी डीलरची की कंपनीची?

सर्वांत जास्त घोळ याच प्रश्नात होतो. कोपो म्हणजे सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर. टॅक्सी कंपन्या, पोलिस खाती, ट्रकचे ताफे यांच्या खास मागण्यांसाठी शेवरलेने ही सोय ठेवली होती. एखाद्याला ठरावीक रंगाच्या शंभर गाड्या हव्या असल्या, तर ती मागणी या वाटेने जायची. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचे डॉन येन्को आणि इलिनॉयमधल्या ला हार्प या छोट्या गावचे फ्रेड गिब यांनी हीच वाट शर्यतीच्या गाड्यांसाठी वापरली.

१९६९ च्या कॅमारोसाठी दोन क्रमांक लक्षात ठेवा. कोपो ९५६१ म्हणजे लोखंडी ब्लॉकचं (ब्लॉक म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा) ४२७, ४२५ अश्वशक्तीचं एल-७२ इंजिन. कोपो ९५६० म्हणजे पूर्ण अॅल्युमिनियमचं झेडएल-१ इंजिन. याशिवाय ९७३७ हा ‘स्पोर्ट्स कार कन्व्हर्जन’ नावाचा संच होता. त्यात १५ इंची चाकं, ताशी १४० मैलांपर्यंतचा स्पीडोमीटर आणि पुढे जाड अँटी-रोल बार असे. येन्कोच्या १९६९ च्या कॅमारोंत ९५६१ आणि ९७३७ दोन्ही मिळतात.

थोडक्यात, १९६९ ची येन्को कॅमारो कारखान्यातूनच ४२७ इंजिन घेऊन बाहेर पडली. येन्कोच्या दुकानात तिच्यावर पट्टे आणि बिल्ले चढले. १९६७ आणि १९६८ च्या येन्को कॅमारोंत मात्र ४२७ चं काम येन्कोकडेच झालं. नाव एकच असलं तरी दोन्हींचा माग काढायची पद्धत वेगळी आहे (प्रश्न १० बघा).

४. कोणत्या डीलरांची नावं माहीत असायला हवीत?

शेवरलेमध्ये येन्को आणि गिब यांच्याबरोबर शिकागोची निकी, कॅलिफोर्नियातल्या साउथ गेटची डेना, मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सची बर्जर आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरची बॉल्डविन शेवरले. बॉल्डविनच्या गाड्या जोएल रोझेन यांच्या मोशन परफॉर्मन्समध्ये तयार होत. त्यांची फेज थ्री नावाची गाडी मान्यताप्राप्त शर्यतीच्या पट्टीवर, त्यांनी पसंत केलेल्या चालकाच्या हाती, पाव मैल ११.५० सेकंदांत आणि ताशी १२० मैलांच्या वेगाने काढेल, अशी लेखी हमी ते देत.

जनरल मोटर्सच्याच पॉन्टिअॅकमध्ये मिशिगनच्या रॉयल ओकची रॉयल पॉन्टिअॅक आणि तिथे सुधारलेल्या गाड्या, म्हणजे बॉबकॅट. क्रायस्लरच्या डॉजमध्ये शिकागोची ग्रँड स्पॉल्डिंग, म्हणजे नॉर्म क्राउस ऊर्फ ‘मिस्टर नॉर्म’. डार्टसारख्या छोट्या गाडीत ४४० घनइंचांचं इंजिन बसवून दाखवणारे ते हेच. फोर्डमध्ये ऱ्होड आयलंडच्या ईस्ट प्रॉव्हिडन्सची टास्का. टास्काने एका मस्टँगमध्ये ४२८ घनइंचांचं इंजिन जमवलं आणि त्यातूनच फोर्डची ४२८ कोब्रा जेट पुढे आली. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथल्या विंटरनॅशनल्स या ड्रॅग स्पर्धेत कोब्रा जेट घेऊन उतरलेल्या अल जोनिएक यांनी सुपर स्टॉक हा वर्ग जिंकला.

डिक हॅरेल हे नावही लक्षात ठेवा. ते निकीकडे होते, येन्कोच्या सुरुवातीच्या गाड्यांमागे त्यांचा हात होता आणि गिबच्या गाड्याही त्यांनी तयार केल्या. १९७१ मध्ये टोरांटोजवळ शर्यतीत अपघात होऊन ते गेले. त्यांच्या गॅरेजमधून गेलेल्या गाड्यांचा इतिहास तीन-तीन डीलरांच्या कागदांत विखुरलेला असतो.

५. गाडी माझ्यासमोर उभी आहे. सुरुवात कुठून करू?

मालकाची गोष्ट आधी ऐकू नका. गोष्ट ऐकली की नजर तिला पूरक तेवढंच शोधते. आधी गाडी बघा, मग कागद आणि शेवटी माणसं. तिन्हींतून एकच चित्र उभं राहिलं तर पुढे जायचं.

गाडीवर तारखांची साखळी शोधा. इंजिनचा ब्लॉक ओतल्याची तारीख, मग इंजिन जोडल्याची आणि शेवटी गाडी तयार झाल्याची, असाच क्रम लागला पाहिजे. बॉडीच्या पत्र्यावरच्या टॅगवर महिना आणि आठवडा असतो. ‘०३सी’ म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा. इंजिन एप्रिलमधलं आणि गाडी मार्चमधली असेल, तर ते इंजिन त्या गाडीत जन्मापासून नाही. इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही. एक तारीख जुळली म्हणून हुरळून जाऊ नका. काचा, कार्ब्युरेटर, मागचा अॅक्सल, गिअरबॉक्स, सगळ्यांवरच्या तारखा उतरवून घ्या.

६. चासी नंबरवरून इंजिन कोणतं होतं ते कळत नाही का?

कंपनीवर अवलंबून आहे. १९६९ च्या कॅमारोचा चासी नंबर १२४३७ ने सुरू झाला तर ती आठ सिलिंडरची कूपे (दोन दारांची बंद टपाची गाडी) आहे एवढंच कळतं. पुढचा ९ म्हणजे वर्ष, एन म्हणजे ओहायोतला नॉरवुडचा कारखाना. आठ सिलिंडरचं इंजिन साधं ३०७ होतं की झेडएल-१, याचा पत्ता त्या नंबरात नाही. बॉडी टॅगवरही कोपोचा क्रमांक नसतो. खोट्या कोपो बनवणं सोपं जातं ते यामुळेच.

फोर्ड या बाबतीत उदार आहे. १९६८ च्या मस्टँगच्या नंबरात आर हे अक्षर असेल तर ती कोब्रा जेट. शर्यतीसाठी काढलेल्या पहिल्या ५० गाड्या ‘१३५ मालिका’ म्हणून ओळखल्या जातात, कारण त्यांचे अनुक्रमांक १३५ ने सुरू होतात. क्रायस्लरच्या १९६८ च्या हेमी डार्टचा (हेमी हे कंपनीच्या ताकदवान इंजिनाचं नाव) नंबर एलओ२३ आणि हेमी बॅराकुडाचा बीओ२९ ने सुरू होतो. पुढचं एम हे अक्षर खास ऑर्डरचं इंजिन दाखवतं.

७. इंजिनवरचा पंच खरा की नंतर ठोकलेला, हे कसं ओळखायचं?

शेवरलेच्या व्ही-८ मध्ये, चालकाच्या उलट बाजूला, सिलिंडर हेडच्या अगदी पुढे ब्लॉकवर एक सपाट पट्टी असते. नंबर तिथे पंच होतो. टॉर्च हातात तिरका धरून त्या पट्टीवर प्रकाश टाका. कारखान्यात ब्लॉकचा वरचा भाग कापताना पट्टीवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक, समांतर रेघा उमटतात. अक्षरं त्या रेघांवर बसलेली दिसली पाहिजेत. पट्टी आरशासारखी गुळगुळीत असेल, रेघा आडव्या असतील किंवा फक्त नंबरापुरता भाग घासलेला असेल तर सावध व्हा.

पंच वाचायची रीत अशी. मोठी ४२७ इंजिनं न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडात बनत, म्हणून नंबर टी ने सुरू होतो. मग महिना आणि दिवस, शेवटी दोन अक्षरं. कोपो ९५६१ कॅमारोत फोर-स्पीड गिअरबॉक्स असेल तर ‘एमएन’, ऑटोमॅटिक असेल तर ‘एमओ’. म्हणजे ‘टी०३१२एमएन’ हे १२ मार्चला जोडलेलं, फोर-स्पीडसाठीचं इंजिन. याशिवाय ब्लॉकवर चासी नंबराचा तुकडा वेगळा पंच केलेला असतो.

पट्टी घासलेली दिसली म्हणजे लबाडीच, असंही नाही. शर्यतीचं इंजिन पुन्हा बांधताना ब्लॉकचा माथा सपाट करून घेतात, त्यात खरा नंबरही जातो. अशा वेळी उत्तर ‘सिद्ध होत नाही’ हेच द्यायचं. ‘खोटं आहे’ म्हणायचं नाही.

८. कोणते कागद खरे पुरावे मानायचे?

सर्वांत वर मी प्रोटेक्ट-ओ-प्लेटला ठेवतो. शेवरले गाडीबरोबर वॉरंटीच्या पुस्तिकेत एक छोटी धातूची पट्टी देत असे. तिच्यावर चासी नंबर, इंजिनचा कोड आणि अॅक्सलचा कोड उठावाच्या अक्षरांत असायचा. गिऱ्हाईक सर्व्हिसिंगला आलं की डीलर ती पट्टी कागदावर दाबून ठसा घ्यायचा. चासी नंबर आणि इंजिन कोड एकाच तुकड्यावर सापडणं ही कोपोच्या बाबतीत फार मोठी गोष्ट आहे. नव्या पट्ट्याही बनवून मिळतात, त्यामुळे पट्टी कुठून आली हेही विचारा.

दुसरी बिल्डशीट. कारखान्यात कामगारांना दिलेला हा कागद कधी पेट्रोलच्या टाकीवर, कधी सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहिला. तो सापडला तर काढण्यापूर्वी जागेवर फोटो घ्या. नुसत्या कागदापेक्षा ‘या गाडीच्या टाकीवर सापडलेला कागद’ याला वजन जास्त असतं.

त्यानंतर डीलरचं बिल, काचेवर चिकटवलेलं किमतीचं पत्रक, कंपनीने डीलरला पाठवलेलं इन्व्हॉइस आणि बँकेच्या कर्जाचे कागद. डीलरने स्वतः केलेल्या कामाचा पुरावा यांतच मिळतो, कारण त्याची नोंद कारखान्याकडे नसते. १९६७ च्या गाडीच्या बिलावर ४२७ इंजिन आणि मजुरी वेगळी लावलेली दिसली, तर त्या एका ओळीला दहा शपथपत्रांपेक्षा जास्त किंमत आहे.

९. कंपनीकडे किंवा कुणाकडे जुन्या नोंदी मागता येतात का?

पॉन्टिअॅक असेल तर पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस १९६१ पासूनच्या गाड्यांच्या मूळ बिलांची नक्कल देते. ही संस्था चालवणारे जिम मॅटिसन पूर्वी शेवरलेत कोपोचंच काम बघत. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट आहे. त्यात डीलर, तारखा आणि मागवलेल्या सोयी सगळं येतं. कॅनडात विकल्या गेलेल्या जीएम गाड्यांची माहिती जनरल मोटर्स ऑफ कॅनडाने ठेवली आहे. तुमची गाडी मूळची कॅनडातली निघाली तर नशीब उघडलं म्हणा.

अमेरिकेत विकलेल्या शेवरलेबाबत परिस्थिती वाईट आहे. चासी नंबर दिला की इंजिन सांगेल अशी कारखान्याची नोंद मिळत नाही. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटी कॉर्व्हेट आणि त्या काळच्या इतर काही शेवरले गाड्यांसाठी शिपिंग डेटा रिपोर्ट देते. गाडी कोणत्या डीलरकडे गेली ते त्यातून कळतं. इंजिन कळत नाही. तरी ‘गाडी येन्कोची’ म्हणणाऱ्याच्या हाती दुसऱ्याच डीलरचं नाव आलं, तर पुढची चर्चा लवकर आटोपते.

एक अपवाद मात्र आहे. फ्रेड गिब यांनी ५० झेडएल-१ कॅमारो मागवल्या, कारण शर्यतीच्या वर्गात मान्यता मिळायला ५० गाड्या लागत. एकूण ६९ बनल्या. एकट्या इंजिनाची किंमतच ४,१६० डॉलर होती, गाडी ७,००० डॉलरच्या वर गेली आणि खपेना. शेवटी शेवरलेने बऱ्याच गाड्या परत घेऊन इतर डीलरांकडे पाठवल्या. त्यामुळे झेडएल-१ च्या कागदांवर दोन डीलरांची नावं आली, तर तो दोष नाही. ला हार्पमधून ती कशी निघाली याचा तो धागा आहे.

१०. १९६७ च्या येन्को कॅमारोचं इंजिन चासी नंबराशी जुळत नाही. गाडी खोटी का?

उलट ते जुळलं तर मी जास्त प्रश्न विचारेन. येन्कोने त्या वर्षी ३९६ घनइंचांच्या कॅमारो मागवल्या आणि त्यांत ४२७ बसवलं. १९६८ मध्ये बऱ्याच गाड्यांचा खालचा भाग, म्हणजे शॉर्ट ब्लॉक, तेवढा बदलला आणि हेड, मॅनिफोल्ड तेच ठेवले. बाहेरून आलेल्या ब्लॉकवर या गाडीचा नंबर असण्याचं कारणच नाही. निकी, डेना, बॉल्डविन-मोशन यांच्या इंजिन बदललेल्या गाड्यांनाही हेच लागू आहे.

अशा गाडीत बघायचं ते हे: मूळ गाडी डीलरने मागवली असेल अशाच सोयींची आहे का, बसवलेल्या ब्लॉकची तारीख विक्रीच्या आधीची आहे का आणि बिल काय म्हणतं.

११. रॉयल बॉबकॅटचे सगळे सुटे भाग माझ्या पॉन्टिअॅक जीटीओत आहेत. म्हणजे ती बॉबकॅट ठरते?

दुर्दैवाने नाही. बॉबकॅटचं काम मुळात बारकाव्यांचं होतं. पातळ हेड गॅस्केट, बदललेले कार्ब्युरेटर जेट, डिस्ट्रिब्युटरचं वेगळं टायमिंग, इनटेकला जाणारी गरम हवा बंद करणारं गॅस्केट. हा संच रॉयल टपालानेही विकत असे आणि देशभरातल्या पोरांनी तो घरी बसवला. त्यामुळे भाग अस्सल असले तरी काम रॉयलमध्ये झालं, हे त्यांवरून ठरत नाही. पॉन्टिअॅकच्या बिलावरून गाडी रॉयलकडे आली होती एवढं कळेल. पुढचं रॉयलच्या जॉब कार्डावर किंवा पहिल्या मालकाच्या कागदांवरच मिळेल.

१२. शर्यतीत धावल्याचा पुरावा कसा शोधायचा?

आधी पत्रा वाचा. मागच्या चाकावरची कड रुंद स्लिक (नक्षी नसलेल्या गुळगुळीत) टायरसाठी कापलेली किंवा आत वळवलेली आहे का? फरशीत रोल बारची भोकं बुजवली आहेत का? मागच्या स्प्रिंगांजवळ ट्रॅक्शन बारच्या खुणा, डिकीत बॅटरीच्या पेटीची भोकं, पुढे ओढून न्यायला जोडलेले कान, स्टिअरिंगजवळ टॅकोमीटरच्या स्क्रूची छिद्रं, या सगळ्या खुणा बोलतात. ओडोमीटरवरचे थोडे मैलही फसवे नसतात. जी गाडी ट्रेलरवरून येऊन पाव-पाव मैल धावली, तिचे मैल कसे वाढणार?

रंगाखाली अक्षरं असतात. गाडीचं आणि चालकाचं नाव, प्रायोजक डीलर, वर्गाचं चिन्ह हे सगळं रंगारी दारावर हाताने लिहीत. नंतर वरून रंग मारला तरी अक्षरांची कड जाड राहते आणि तिरप्या उजेडात दिसते. अशा दारावर पॉलिश पेपर चालवण्याआधी फोटो काढा. एकदा घासलं की संपलं.

त्यानंतर वेळेच्या चिठ्ठ्या, त्या गावच्या वर्तमानपत्रातले सोमवारचे निकाल, ट्रॉफ्या, प्रेक्षकांनी काढलेले फोटो. फोटोत नंबर प्लेट दिसणार नाही, पण बॉनेटवरचा डाग, आरशाची जागा, पट्ट्याचं वळण अशा खुणा जुळवता येतात. फोटोच्या मागे तारीख असेल तर दोन्ही बाजू स्कॅन करा.

१३. जुने मालक कसे सापडतात? आरटीओसारखं तिथे विचारता येत नाही?

आता नाही. अमेरिकेत १९९४ च्या चालक-गोपनीयता कायद्यापासून वाहन खातं असल्या चौकशीला जुन्या मालकांची नावं-पत्ते देत नाही. म्हणून हातात असलेल्या प्रत्येक टायटलवरचं (मालकीच्या दाखल्यावरचं), विम्याच्या पावतीवरचं, दुरुस्तीच्या बिलावरचं नाव धरून मागे जायचं. डीलरकडचे जुने विक्रेते, मेकॅनिक, पार्ट्सच्या काउंटरवरची माणसं यांच्याकडे कधी कधी वह्या आणि फोटो असतात.

ही माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. फोनवर घाईने प्रश्न विचारू नका. ‘तुमची गाडी येन्कोच होती ना?’ असं विचारलं की समोरचा चांगुलपणाने हो म्हणतो आणि ती सांगोवांगी पुढे पुरावा म्हणून फिरते. ‘गाडी कोणत्या रंगाची होती, कुठून घेतली, विकली तेव्हा कुठलं इंजिन होतं?’ असं मोकळं विचारा. बोलणं संपलं की त्याच दिवशी तारीख घालून लिहून काढा आणि जमलं तर त्यांच्याकडून सही घ्या. त्यांचं नाव-पत्ता त्यांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकू नका.

१४. मी पुण्यात राहतो. इथे बसून यातलं काही करता येईल?

बरंच. वर्तमानपत्रांचे डिजिटल संग्रह, जुन्या मासिकांचे अंक, प्रश्न ९ मधले रिपोर्ट, फोटो जुळवणं हे सगळं इथून होतं. पंच आणि पत्र्याची परीक्षा मात्र होत नाही. मिशिगन, इलिनॉय, न्यू जर्सीत नातेवाईक असतील तर त्यांना पाठवा आणि सांगा: इंजिनवरच्या पट्टीचा फोटो समोरून नको, बाजूने प्रकाश पाडून हवा, आधी चिंधीने तेल पुसा, तारेचा ब्रश लावू नका. नोव्हेंबरमध्ये शिकागोजवळच्या रोझमाँटला मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स भरतं. तिथे अस्सल गाड्या हाताच्या अंतरावर बघता येतात.

१५. दोन गाड्या एकच चासी नंबर सांगत असतील तर?

सहसा एकीची चासी नंबरची पट्टी दुसऱ्या बॉडीवर चढवलेली असते. जीएमच्या त्या काळच्या पट्ट्या फुलाच्या आकाराच्या खास रिव्हेटांनी बसवलेल्या असत. रिव्हेट साधे असतील किंवा पट्टीभोवती रंग फाटलेला असेल तर थांबा. बॉडीवर लपवलेले नंबरही असतात, ते जाणकाराकडून तपासून घ्या. हा हौशी वाद नाही. चासी नंबर बदलणं हा अमेरिकेत केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. पैसे देण्यापूर्वी प्रकरण वकिलाकडे आणि पोलिसांकडे गेलं पाहिजे.

उघडपणे ‘नक्कल’ म्हणून विकलेली गाडी ही वेगळी बाब. त्यात वावगं काही नाही.

१६. मूळ इंजिन शर्यतीत फुटलं आहे. गाडीला किंमत उरते का?

ड्रॅग गाडीचं इंजिन फुटणं हा तिच्या कामाचाच भाग होता. कुठल्या शर्यतीत फुटलं, त्या जागी कोणतं आलं याची नोंद असेल तर तो तिचा इतिहासच आहे. योग्य तारखेचा दुसरा ब्लॉक बसवा, पण त्यावर जुना नंबर पंच करू नका. कागदावर स्पष्ट लिहा: बदललेलं इंजिन.

१७. रिस्टोर करताना शर्यतीच्या खुणा काढून गाडी शोरूमसारखी करावी का?

माझं मत ठाम आहे: घाई करू नका. कापलेली कड, बुजवलेली भोकं, रंगाखालची अक्षरं हेच प्रश्न १२ मधले पुरावे. ते नव्या पत्र्याखाली गेले तर पुढच्या माणसाला शोधायला काही उरत नाही. काम करायचंच असेल तर आधी प्रत्येक इंच फोटोत घ्या, काढलेले पत्रे भंगारात न देता नंबर घालून ठेवा आणि ते गाडीबरोबरच पुढच्या मालकाला द्या.